पेटीच्या तळाशी जपलेली वस्त्रे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांची पूर्तता हा संस्थेच्या आयुष्यातील अभिमानाचा क्षण असतो, तसाच तो आत्मपरीक्षणाचाही असतो. या निमित्ताने जुनी दप्तरे उघडली जातात, छायाचित्रे शोधली जातात, पूर्वसूरींच्या नावांना उजाळा मिळतो. संस्थेप्रमाणे प्रत्येक घरालाही स्वतःचे एक दप्तर असते. ते कागदावर लिहिलेले नसते. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, शिसवी कपाटाच्या खालच्या खणात, मलमलीच्या धडप्यात बांधून ते ठेवलेले असते. आजीचा लग्नातील शालू, पणजीचे इरकल, आजोबांचा जरीकाठी पटका, चार पिढ्यांतील बाळांच्या डोक्यावर चढलेली कुंची, हे ते दप्तर होय.

या दप्तरासंबंधी एक प्रश्न मात्र जैन घरातच अधिक तीव्रतेने उभा राहतो. ज्या धर्माने अपरिग्रहाला महाव्रताचे स्थान दिले, ज्या धर्मातील दिगंबर मुनींनी अंगावरील सुताचाही त्याग केला, त्या धर्माच्या अनुयायांनी जुनी वस्त्रे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून ठेवावीत काय? ठेवावयाची तर कोणत्या भावनेने? आणि ती रेशमी असतील तर काय करावे? आजच्या विवेचनाचा विषय हा आहे.

पेटीत असते तरी काय?

दक्षिण महाराष्ट्रातील जैन घरांच्या पेट्या उघडल्या तर प्रथम हाती लागते ते इरकल. कर्नाटकातील इलकल या गावावरून हे नाव पडले. या लुगड्याची खरी ओळख त्याच्या पदरात आहे. अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो. विणकर त्या दोन्हींचे धागे फाशाफाशांनी एकमेकांत गुंतवून जोडतो आणि मग पदर विणतो. लाल पदरावर पांढऱ्या रेघांची नक्षी, काठांवर गोमीसारखी वेलबुट्टी आणि अंगाला दाट सुती पोत, असे हे वस्त्र शेतावरही चालत असे आणि मंदिरातही. त्याच्या जोडीला गुळेदगुड्डचा खण. हातभर रुंदीच्या त्या कापडातून एक चोळी निघे, आणि चोळी विटली की तिच्या धड उरलेल्या भागातून बाळाची कुंची.

त्याखालची घडी बहुधा पैठणीची किंवा बनारसी शालूची असते. पैठणीचा पदर उलट-सुलट दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच फिरून शेजारच्या धाग्यात अडकवून परत आणलेला असतो. मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत नाहीत. जुन्या पैठणीतील जर म्हणजे केवळ चकाकी नव्हे. चांदीची तार ओढून, ती चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळावयाची आणि तिला सोन्याचा मुलामा द्यावयाचा, अशी ती कलाबतू होती. आज बाजारात मिळणारी बहुतेक जर तांब्याच्या तारेची किंवा धातूचा थर दिलेल्या प्लास्टिकच्या पट्टीची असते. म्हणूनच जुन्या जरीला मोल आहे, आणि ते मोल हेच तिच्यावरचे संकटही आहे. जुनी जर विकत घेणारा दारावर येतो, वस्त्र तागडीत टाकतो, आणि पुढे ते जाळून त्यातील चांदी काढली जाते. विणकराचे कित्येक महिने आणि घराच्या दोन-तीन पिढ्या काही मिनिटांत राख होतात.

पुरुषांच्या वस्त्रांची पेटी त्या मानाने लहान असते. एखादा पटका, जरीची टोपी, लग्नातले उपरणे, पूजेचे धोतर-दुपट्टे. परंतु पर्युषण पर्वात वा पंचकल्याणक महोत्सवात आजोबांचे उपरणे खांद्यावर घेऊन उभ्या राहिलेल्या तरुणाकडे घरातील वृद्धांनी पाहावे, म्हणजे त्या लहानशा पेटीचे महत्त्व ध्यानात येते.

एका वस्त्राची अनेक आयुष्ये

ही वस्त्रे इतकी वर्षे टिकली, याचे कारण केवळ प्रेम नव्हे. त्याला व्यवहाराचीही बाजू होती. वस्त्र महाग होते आणि घरात मोजके होते. सणाचे एक, बाहेर जाण्याचे एक आणि रोजची दोन, एवढ्यावर एखाद्या गृहिणीचे वर्ष निघत असे. लग्नाचा शालू आयुष्यात एकदाच येई.

त्यामुळे प्रत्येक वस्त्राला उतरत्या क्रमाने अनेक आयुष्ये मिळत. नवे लुगडे प्रथम सणासुदीला नेसले जाई. रंग थोडा उतरला की ते गावाला जाताना, नंतर घरात नेसावयाचे. काठ मजबूत पण अंग विरलेले असे झाले की त्यातून मुलीचे परकर शिवले जात. आणखी मऊ झाले की ते बाळंतिणीच्या खोलीत दुपटे होऊन येई, कारण नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते आणि शंभर वेळा धुतलेल्या सुताइतके मऊ काहीच नसते. त्यानंतर थरावर थर घालून वाकळ. कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ म्हणतात, इतरत्र तिलाच गोधडी म्हणतात. आजीचे लुगडे, आईचे पातळ, काकूंचे परकर अशा एका कुटुंबातील सर्व स्त्रिया त्या वाकळीत शेजारी शेजारी येतात. शेवटी उरलेली चिंधी हात पुसावयास वा दिवाबत्तीची काजळी पुसावयास जाई. इतक्या आयुष्यांनंतर ते वस्त्र खऱ्या अर्थाने संपत असे.

जुन्याला सर्वत्र प्रवेश होता, असे मात्र नव्हे. पाणी गाळण्यासाठी विरलेले लुगडे कोणतीही जाणती श्राविका घेत नसे. गाळणे दाट, धड, स्वच्छ आणि दुहेरी हवे, अन्यथा जीवदयेचा हेतूच निष्फळ होतो. तसेच फाटलेले, जळलेले वा मलिन वस्त्र पूजेस वर्ज्य मानले गेले. कोणते जुने कोठे चालेल आणि कोठे चालणार नाही, याचा विवेक त्या घरांत होता. वापर आणि विवेक हे हातात हात घालून चालत होते.

पुढे काळ पालटला. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला, आणि हळूहळू त्या गावाची व पंचक्रोशीची जीवनरेषाच बदलली. कापड स्वस्त झाले, अनेकांच्या अंगावर धड वस्त्र आले, हा त्याचा मोठा उपकार नाकारता येणार नाही. त्यानंतर कृत्रिम रेशीम आले, टेरिलीन आले, नायलॉन आले, तयार कपड्यांची दुकाने आली. आज फोनवर बोट टेकले की कपडा दारात येतो. परिणाम असा की कपाटातील वस्त्रांची संख्या वाढली आणि वस्त्राचे आयुष्य घटले. पूर्वी एक लुगडे सहा जागी उपयोगी पडे. आता सहा पोशाख एकेकदा वापरून बाजूला पडतात. कृत्रिम धाग्याच्या कपड्याचे दुपटे होत नाही, कारण तो घाम शोषत नाही. त्याची वाकळ ऊब देत नाही. फेकून दिला तर तो मातीतही लवकर मिसळत नाही.

जमाखर्चाच्या भाषेत बोलावयाचे तर प्रत्येक मालाला दरवर्षी घसारा लागतो आणि एके दिवशी त्याची पुस्तकी किंमत शून्यावर येते. पेटीच्या तळाशी असलेल्या वस्त्राचा हिशेब याच्या उलट आहे. त्याची बाजारातील किंमत कमी होत जाते, पण घरातील किंमत वाढत जाते. नेमक्या या वाढत्या किमतीतच धर्मदृष्ट्या सावध राहण्याची जागा आहे.

शास्त्र काय सांगते?

बाह्य परिग्रहाचे जे दहा प्रकार आपल्या परंपरेत सांगितले आहेत, त्यांत क्षेत्र, वास्तू, सोने, धान्य यांच्याबरोबर ‘कुप्य’ हा एक प्रकार येतो. तत्त्वार्थसूत्रावरील सर्वार्थसिद्धी या टीकेत आचार्य पूज्यपादांनी कुप्याचा अर्थ सांगताना क्षौम, कापूस आणि कौशेय, म्हणजेच तागाची, सुती आणि रेशमी वस्त्रे यांचा समावेश केला आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. जमीन आणि सोने यांच्यासारखेच कपाटही परिग्रहाच्या हिशेबात मोजले जाते. परिमाणव्रत घेणाऱ्या श्रावकाने शेताच्या एकरांची मर्यादा घालावी आणि वस्त्रांची घालू नये, हे अपुरे ठरते.

परंतु त्याच तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वामींनी परिग्रहाचे मर्म वस्तूत ठेवलेले नाही, ते मूर्च्छेत ठेवले आहे. मूर्च्छा म्हणजे ‘हे माझे’ या भावनेने आलेली बेशुद्धी. पेटीत एकच शालू असेल, पण त्यावरून दोन जावांत अबोला असेल, तर तो एक शालू मोठा परिग्रह आहे. उलट दहा जुनी वस्त्रे वापरात असतील, मागेल त्याला दिली जात असतील, फाटली तर डोळ्यांत पाणी न आणता त्यांची वाकळ शिवली जात असेल, तर तेथे मूर्च्छा क्षीण आहे.

जैन साधनेत तर वस्त्र हे मोक्षमार्गाच्या पायऱ्या मोजण्याचे मापच झाले आहे. गृहस्थाची वस्त्रे अनेक. नवव्या प्रतिमेचा श्रावक वस्त्रादी अत्यावश्यक वस्तूंखेरीज परिग्रह सोडतो. अकराव्या प्रतिमेतील क्षुल्लक लंगोटी आणि एक खंडवस्त्र ठेवतात. ऐलक केवळ लंगोटी ठेवतात. आर्यिका माताजी सोळा हातांची एक पांढरी साडी नेसतात. आणि मुनिराज दिशांनाच वस्त्र मानतात. श्वेतांबर परंपरेत भगवान महावीरांनी दीक्षेनंतर वर्षाहून अधिक काळ देवदूष्य वस्त्र धारण केले आणि नंतर ते गळून पडले, अशी कथा आहे. दिगंबर परंपरेनुसार वस्त्रत्याग दीक्षेच्या क्षणीच झाला. दोन्ही परंपरांत दिशा एकच आहे. ती अधिकाकडून कमीकडे जाते.

श्वेतांबर साधु-साध्वींच्या दिनचर्येत वस्त्रांचे पडिलेहण असते. दिवसातून दोन वेळा प्रत्येक वस्त्र उलगडून, त्यात एखादा सूक्ष्म जीव तर नाही ना, हे पाहावयाचे. ज्यांच्याजवळ मोजकीच वस्त्रे आहेत ते ती दररोज उलगडून पाहतात, आणि ज्यांच्याजवळ कपाटे भरून आहेत ते वर्षानुवर्षे उघडूनही पाहत नाहीत. गृहस्थाने यातून घ्यावयाचा बोध असा की, जेवढे यत्नाचाराने सांभाळता येईल तेवढेच आपले म्हणावे.

रेशमाचा कठीण प्रश्न

आता विषयाच्या सर्वांत नाजूक भागाकडे यावयाचे आहे. सुती वस्त्रांबाबत फारसा वाद नाही. वाद रेशमाचा आहे. रेशमाच्या किड्याने स्वतःभोवती विणलेल्या कोशातून कित्येक शे मीटर लांबीचा अखंड धागा निघतो. पतंग कोश फोडून बाहेर पडला तर हा धागा तुटतो. म्हणून पतंग बाहेर पडण्यापूर्वीच कोश उष्णतेने किंवा वाफेने तापवून आतील जीव मारला जातो. एका साडीमागे असे हजारो कोश लागतात. ही माहिती आज सर्वांना आहे, आणि अनेक श्रावक-श्राविकांनी नवे रेशीम न घेण्याचा नियम केला आहे. प्रश्न उरतो तो पेटीत अगोदरपासून असलेल्या रेशमाचा.

या प्रश्नाने आपली परंपरा पूर्वीही अडखळली आहे. बाराव्या शतकात गुजरातेतील पाटण येथे राज्य करणारे महाराजा कुमारपाल हे कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांचे शिष्य. राज्यात अमारी, म्हणजेच जीवहत्याबंदी, घोषित करणारा राजा म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्याच कुमारपालांविषयी पाटणमध्ये अशी आख्यायिका सांगतात की, ते पूजेसाठी पटोळा वापरीत, आणि तो पटोळा जालन्याहून येई. पुढे त्यांना कळले की जालन्याचा राजा तो आधी स्वतः वापरून मगच पाटणला पाठवितो. वापरलेले वस्त्र पूजेस कसे चालेल, या विचाराने त्यांनी साळवी विणकरांची सातशे कुटुंबे पाटणला आणून वसविली. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावयाची, परंतु आपल्या मराठवाड्यातील जालन्याशी पाटणचा पटोळा तिने जोडला आहे, हे विशेष. पटोळ्यात ताणा आणि बाणा असे दोन्ही धागे विणण्यापूर्वीच बांधून रंगविलेले असतात, आणि एका साडीस चार ते सहा महिने लागतात. गुजराती घरांत तो आईकडून मुलीकडे जातो. साता समुद्रांपलीकडे इंडोनेशियाच्या काही बेटांवरही जुने पटोळे कुळाची पवित्र ठेव म्हणून जपले गेले. आणि हा पटोळा रेशमी असतो! अमारी घोषित करणारा राजा, त्याची पूजा आणि रेशमी वस्त्र, हे सर्व एकाच कथेत आले आहे. त्या काळात वस्त्राच्या शुद्धतेचा विचार ‘कोणी आधी वापरले काय’ असा होता. आज तो ‘त्यासाठी किती जीव गेले’ असा आहे. धर्माचे मूळ तत्त्व तेच राहिले. माहिती वाढल्यामुळे जबाबदारी वाढली.

हा प्रश्न पुस्तकी नाही, हे दाखविणारी एक घटना सांगण्यासारखी आहे. सांगली जिल्ह्यातील एका शेतकरी जैन कुटुंबात नातीचे लग्न ठरले. घरात आजींचा सत्तर वर्षांपूर्वीचा बनारसी शालू होता, आणि नातीने तो मंगलाष्टकांना नेसावा अशी आजींची फार इच्छा होती. परंतु नातीने चातुर्मासात महाराजांच्या समोर रेशीमत्यागाचा नियम घेतला होता. तिने नम्रपणे नकार दिला. आजींना तो अपमान वाटला. त्यातच घरातील कोणीतरी, शालू नेसावयाचाच नसेल तर त्यातील जर तरी विकावी, म्हणून जर घेणाऱ्याला बोलावले. त्याने शालू ओसरीवर तोलला आणि आकडा सांगितला. तो आकडा आजींच्या कानावर गेला. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी आजींनी स्वतः नातीला जवळ बोलावले आणि म्हणाल्या, “बाळ, तू नेसू नकोस. तुझा नियम मोठा आहे, तो मोडू नकोस. पण हा जाळायला देऊ नका. माझ्या सासऱ्यांनी हा उधारीवर आणला होता. ती उधारी फेडायला दोन सुग्या लागल्या.”

घरातील कोणालाही ही उधारीची गोष्ट ठाऊक नव्हती. तागडीवर चांदीचे वजन भरले होते. दोन सुग्यांचे वजन भरले नव्हते.

मग आजींनीच पेटीतून आपले एक जुने इरकल काढले. पण त्याचा पदरही झळाळता होता, तेव्हा तोही रेशमी असेल अशी शंका नातीला आली. गावातील एका जुन्या कापड दुकानदाराने पदराच्या टोकाचे दोन धागे काढून ज्योतीवर धरले. खरे रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि धागा आखडून त्याची काळी गाठ होते. हे धागे कागदासारखे भुरकन जळाले आणि मागे मऊ राख उरली. म्हणजे पदर कृत्रिम रेशमाचा होता. ते लाकडाच्या लगद्यापासून होते, त्यात कोशाचा संबंध नाही. नातीचा नियम अबाधित राहिला. मंगलाष्टकांना ती आजींचे इरकल नेसून उभी राहिली, आणि शालू मलमलीच्या धडप्यात पुन्हा पेटीत गेला. त्याच्याबरोबर एक चिठ्ठीही गेली. तीत सासऱ्यांचे नाव, लग्नाचे साल आणि दोन सुग्यांची हकिकत लिहिली होती.

या घटनेत कोण बरोबर होते? शास्त्रदृष्टीने पाहता हिंसा तीन मार्गांनी होते. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्याला अनुमोदन देणे. जुने रेशीम नेसल्याने नवा जीव मारला जात नाही, त्यामुळे करणे व करविणे यांचा दोष लागत नाही, असे एक मत आहे. परंतु लग्नमंडपात तो शालू पाहून चार जणींना तसाच नवा घ्यावासा वाटला, तर अनुमोदनाचे काय, असे दुसरे मत आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे. म्हणून नियम घेतलेल्याला कोणी आग्रह करू नये, आणि नियम न घेतलेल्या वृद्धेच्या पेटीकडे कोणी तिरस्काराने पाहू नये. नवे रेशीम घ्यावयाचे नाही, एवढ्यावर मात्र सर्वांचे एकमत व्हावयास हरकत नसावी. जे जीव गेले ते परत येणार नाहीत. ते वस्त्र जाळून त्यांना न्याय मिळत नाही, आणि मिरवूनही मिळत नाही.

पर्यायही उपलब्ध आहेत. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यानंतर उरलेल्या कोशांपासून सूत काढण्याची पद्धत विकसित केली, आणि ते ‘अहिंसा रेशीम’ म्हणून ओळखले जाते. त्याहून जवळचा आदर्श आचार्य विद्यासागर महाराजांचा आहे. १९४६ साली सदलगा येथे जन्मलेल्या आणि १८ फेब्रुवारी २०२४ रोजी डोंगरगड येथे समाधिस्थ झालेल्या आचार्यश्रींच्या प्रेरणेने मध्य भारतात हातमागाची केंद्रे सुरू झाली, आणि हातांना काम देणारे सुती, अहिंसक वस्त्र समाजापुढे आले. आजच्या नववधूने असे एक वस्त्र घेतले, तर पन्नास वर्षांनी तिच्या नातीला ते निःशंकपणे नेसता येईल. वारसा घेताना जसा विचार करावयाचा, तसाच तो निर्माण करतानाही करावयाचा असतो.

यत्नाने सांभाळणे

जे ठेवावयाचे ते नीट ठेवले पाहिजे. जुनी वस्त्रे वापराने जितकी फाटतात, त्याहून अधिक हलगर्जीपणाने फाटतात. जरीचे वस्त्र वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले की घडीवरच चिरते. म्हणून तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घालावी. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. त्याऐवजी धुतलेल्या, बिनरंगी मलमलीत किंवा मांजरपाटात गुंडाळावे. जड जरीचे वस्त्र टांगून ठेवू नये, ते स्वतःच्या वजनाने ताणले जाते. जरीवर अत्तर शिंपडू नये. डांबरगोळ्या जरीजवळ ठेवू नयेत, त्याने ती काळवंडते.

डांबरगोळ्यांचा दुसराही विचार आहे. कीड लागल्यावर ती मारण्यापेक्षा ती येऊच नये अशी व्यवस्था करणे हा जैन मार्ग. वाळलेला कडुनिंबाचा पाला, लवंगा, वेखंडाचा तुकडा यांची पुरचुंडी पेटीच्या कोपऱ्यात ठेवावी, वस्त्राला लागू देऊ नये. पावसाळा संपल्यावर वस्त्रे सावलीत हवेवर पसरावीत, आणि पुन्हा ठेवताना उलगडून, पाहून, हलक्या हाताने झटकून ठेवावीत. हे गृहस्थाचे पडिलेहणच होय.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कृष्णा-पंचगंगेच्या काठावरील अनेक घरांच्या पेट्या बुडविल्या. लाल पदराचा रंग पांढऱ्या धोतरात उतरला, जर काळी पडली, काही वस्त्रे चिखलासह टाकून द्यावी लागली. ज्यांनी ती मनाने आधीच थोडी सोडली होती, त्यांना तो प्रसंग सोसता आला. अनित्य भावना शास्त्रसभेत ऐकणे वेगळे आणि ओल्या पेटीसमोर बसून अनुभवणे वेगळे.

महापुराने आणखीही एक धडा दिला. अशा प्रसंगी मदत म्हणून येणाऱ्या कपड्यांच्या ढिगात अंगावर घालता न येण्याजोगे कपडेही असतात. आपल्याला नको झाले ते दुसऱ्याला देणे म्हणजे दान नव्हे. जे दिल्यावर थोडे दुखते आणि घेणाऱ्याची मान खाली जात नाही, ते दान. जुने वस्त्र द्यावयाचे तर धुऊन, दुरुस्त करून, घडी घालून द्यावे.

समारोप

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक घराने तीन लहान गोष्टी कराव्यात, अशी नम्र सूचना आहे. पहिली, घरातील वृद्ध माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून प्रत्येक जुन्या वस्त्राची हकिकत एका चिठ्ठीवर लिहून घ्यावी आणि ती वस्त्राबरोबर ठेवावी. हकिकत गेली की उरते ते केवळ जुने कापड. दुसरी, वर्षातून एकदा, भगवान महावीर जन्मकल्याणकाच्या मिरवणुकीला म्हणा किंवा क्षमावाणीच्या दिवशी म्हणा, घरातील एखादे जुने सुती वस्त्र आवर्जून नेसावे. पेटीत वस्त्र फक्त टिकते, पण अंगावर ते जगते. तिसरी, वस्त्रांचे परिमाण ठरवावे. नवे एक आले की जुने एक योग्य हाती जावे.

क्षमावाणीच्या दिवसाचा उल्लेख सहज आला, पण त्याला अर्थ आहे. एका शालूवरून, एका पैठणीवरून बहिणी-बहिणींत, जावा-जावांत धरलेले अबोले आपल्या समाजात कमी नाहीत. ते वस्त्र ज्या माउलीने नेसले, तिने ते आपल्या लेकींनी भांडावे म्हणून ठेवले नव्हते. असे एखादे वस्त्र कोणाच्या कपाटात असेल, तर या वर्षी ते घेऊन बहिणीच्या दारी जावे आणि म्हणावे, “आता काही वर्षे हे तुझ्याकडे असू दे.” त्या एका वाक्याने परिग्रहाची गाठ सुटते आणि नात्याची बसते.

मुनिराजांनी वस्त्र सोडले, तो मोक्षमार्गाचा कळस आहे. गृहस्थाला तेथवर आज पोहोचता येत नसेल, तर त्याने निदान वस्त्रावरची पकड सैल करावी. वापरावे, जपावे, सांगावे आणि वेळ आली की हसत हसत पुढे द्यावे. पूर्वजांनी दिलेल्या वस्त्रांचे खरे ऋण एवढ्यानेच फिटते.